आचाऱ्याच्या वाट्याचं अंडं

टक, टक.

घरात पुन्हा चमच्याचे दोन ठोके पडले आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेने डोळे मिटून घेतले. वळून बघायची गरजच नव्हती. हेही अंडं नापास.

पलंगावर उशांना टेकून बसलेल्या सासऱ्यांनी डाव्या हाताने ताटली बाजूला सारली होती. उजवा हात महिन्यापूर्वी अर्धांगाच्या झटक्यात गेला, त्याच्या मागोमाग वाचा गेली. हॉटेलच्या भटारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाजवळ बोलायला आता एक चमचाच उरला होता. तिथे प्रत्येक ताटली आधी त्यांच्यासमोर यायची. दोन ठोके म्हणजे परत ने, एक ठोका म्हणजे जाऊ दे बाहेर.

"आजोबा फारच कडक मास्तर आहेत," पाच वर्षांची लेक म्हणाली. "आमच्या बाई दोन चुका माफ करतात."

"तू गप्प बस गं जरा."

तीन दिवस झाले, बाबांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. सूप नाही, दूध नाही. गिळता येत होतं, पण ओठ उघडतील तर शपथ. सकाळी नर्सबाई आडपडदा न ठेवता बोलून गेल्या होत्या, "पाचला येते मी. तोवर चार घास गेले तर ठीक. नाहीतर नाकातून नळी. आणि हात बांधावा लागेल हो, उपटून काढतात ही माणसं."

हात म्हणजे डावा. म्हणजे चमचाही गेला. म्हणून सुनेने त्यांच्या हॉटेलातलं पोच्ड अंडं, टरफल फोडून नुसतं पाण्यात शिजवायचं, करायला घेतलं होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला. मागे यंत्रांचा खडखडाट चालला होता.

"अहो, दोन झाली. एकाच्या चिंध्या झाल्या, दुसऱ्याचं रबर."

"उकळत्या पाण्यात सोडतेस का? अगं, पाण्याने कुजबुजायचं असतं, भांडायचं नसतं. बाबांचंच वाक्य. आणि आधी झाऱ्यात फोड. पातळ पांढरं गळून जाऊ दे, म्हणजे चिंध्या होत नाहीत."

"तुम्हाला एवढं ठाऊक, मग कधी करून घातलं नाहीत ते!"

"मी नुसतं ऐकलंय. बाबा घरी कुठे करायचे? अंडं समोरसुद्धा नको असायचं त्यांना. म्हणायचे, तिकडची फुटकी खाऊनच पोट भरतं. चांगलं गिऱ्हाइकाला, फुटकं आचाऱ्याला... बरं, ठेवतो, साहेब आले."

डब्यात दोनच अंडी उरली होती. तिने पातेल्यात पाणी ठेवलं, चमचाभर व्हिनेगर घातलं आणि तळाशी बारीक बुडबुडे धरताच आच मंद केली. अंडं झाऱ्यात फोडलं. पातळ पाणी गळून गेलं, घट्ट तेवढं राहिलं. ते वाटीत घेतलं, वाटी पाण्याला टेकवली आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं अंडं हळूच सोडलं. तीन मिनिटं तिने घड्याळ बघून मोजली.

वर आलं ते गोल, पांढरंशुभ्र. फडक्यावर टिपून तिने ताटलीत ठेवलं.

बाबा ताटलीवर वाकले. चमच्याच्या पाठीने त्यांनी अंड्याला हलकेच डिवचलं. ते थरथरलं, फुटलं नाही.

टक.

"पास!" लेकीने टाळ्या पिटल्या. सून पलंगाच्या कडेला बसली.

पण बाबांनी ताटली दाराच्या दिशेने सरकवली आणि दाराकडे बघत राहिले.

"बाबा, तुमच्यासाठी केलंय. खा ना." तिने चमचा त्यांच्या ओठांशी नेला. ओठ घट्ट मिटले. गिऱ्हाइकाच्या ताटलीत हात घालणाऱ्या वाढप्याकडे बघावं, तसे ते तिच्याकडे बघत होते.

घड्याळात पावणेपाच झाले होते.

ती उठली. शेवटचं अंडं तिने तसंच जपून पाण्यात सोडलं. मग चमचा उचलला, क्षणभर थांबली, आणि दिवसभर जे टाळायला शिकली होती तेच केलं. टोक आत खुपसलं. पाण्यात पिवळे धागे पसरले. जे हाती लागलं ते तिने वाटीत काढलं. ताटली घेतलीच नाही.

"बाबा, हे माझ्याकडून फुटलं हो. बाहेर कसं पाठवू? वाया जाईल."

त्यांनी वाटीत डोकावून पाहिलं. कपाळाला आठी पडली, काय ही मुलगी, अशी. मग त्यांनी वाटी मांडीवर ओढली आणि खायला लागले. घाईघाईने, मान खाली घालून, मधूनच दाराकडे नजर टाकत, मागे दहा ताटल्या खोळंबल्यासारखे. एक घास. दुसरा. चौथ्या घासाला हनुवटीवर पिवळा ओघळ आला. तिने तो पदराने टिपला आणि त्याच पदराने स्वतःचे डोळे.

जिन्यात नर्सबाईंच्या चपला वाजल्या.

लेक मात्र ताटलीतल्या गोल अंड्याकडे बघत होती. ते आता गार होऊन निस्तेज झालं होतं. दाराकडून कोणीही ते न्यायला आलं नव्हतं.

"आई," तिने हळूच विचारलं, "आजोबांना चांगलं अंडं कधी मिळणार गं?"