मोठे असूनही

“बाई, नम्र हा शब्द गरीब माणसाला लावतात का?”

मागच्या बाकावर कुणीतरी उगाच खोकलं. पैज होती. भाषेच्या बाईंना हे तोंडावर विचारून दाखवलंस तर आठवडाभर खिडकीजवळची जागा तुझी, असं उंचाडी आणि चष्मेवाली या तिच्या दोघी मैत्रिणी म्हणाल्या होत्या, आणि फटाकडीला तेवढं पुरे होतं. मागच्या वर्षापर्यंत ती वर्गात भिजलेल्या मांजरासारखी बसायची. यंदा वादविवाद स्पर्धेत एकदा बोलून आली काय, तोंडाचं कुलूपच निघालं, आणि किल्ली कुठे पडली ते अजून कुणाला सापडलं नव्हतं. फटाकडी हे नाव तेव्हापासूनचं.

प्रश्न मात्र नुसता खोडसाळ नव्हता. बाईंनी ‘नम्र’ शब्दाचं वाक्य करून आणायला सांगितलं होतं. वाक्यं वाचली गेली तेव्हा निम्म्या वर्गाने लिहिलं होतं, आमचे मुख्याध्यापक एवढे मोठे असूनही नम्र आहेत. उरलेल्यांनी मुख्याध्यापकांना उठवून तिथे डॉक्टर बसवला होता, नाहीतर एखादा खेळाडू. ‘असूनही’ मात्र सगळ्यांकडे होतं. चष्मेवाली कुजबुजली, लहान माणसाने नम्र असलं तर मोजत नाहीत वाटतं. तिथून पैज लागली.

बाई रागावल्या नाहीत. खडू खाली ठेवून त्यांनी अर्थ सांगितला, नम्र म्हणजे नमलेला, मोठेपणाचा गर्व नसलेला. आणि मग स्वतःच अडखळल्या. ज्याच्याकडे मोठेपणाच नाही त्याने गर्व सोडायचा तरी कसला, हे त्यांच्याही डोक्यात आलं असावं. शेवटी म्हणाल्या, “घरी जाऊन बघ, तुमच्या घरात हा शब्द कुणाला लागतो का. उद्या नवं वाक्य घेऊन ये. आणि त्यात असूनही नको.”

फटाकडी उड्या मारतच घरी निघाली. त्यांच्या घरात नम्रतेला काय तोटा!

घर म्हणजे पुढे लॉन्ड्री आणि मागे दोन खोल्या. काउंटरवर बाबा, पडद्यामागे इस्त्रीच्या टेबलाशी आई. गिऱ्हाईक तावातावाने आलं की बाबांचं एकच पालुपद, आमचंच चुकलं. बटण तुटलं, आमचंच चुकलं. गिऱ्हाइकाने स्वतः पावती हरवली, तरी आमचंच चुकलं. आई म्हणायची, उद्या रस्त्यात कुणाचा पाय घसरला तर तुझा बाबा रस्त्याच्या वतीनेही माफी मागेल.

दुकानात एक नियम होता. कपडा घेताना गिऱ्हाइकासमोरच तो उलटा करून बघायचा, आणि डाग, भोक, उसवलेली शिवण, काय असेल ते तिथल्या तिथे दाखवायचं. फक्त मोठ्या माणसांना हा नियम लागू नव्हता. त्यांचा कपडा त्यांच्यादेखत झडती घेतल्यासारखा तपासणं बाबांना बरं वाटायचं नाही. घडी दोन्ही हातांनी घ्यायची आणि आत द्यायची.

मुख्याध्यापकांचा राखाडी लोकरी कोट मागच्या आठवड्यात असाच, न बघता आत आला. आईने तो टेबलावर पसरला आणि फटाकडीला हाक मारली. कॉलरच्या खाली वाटाण्याएवढं भोक होतं. “कसर लागलीय,” आई म्हणाली. “कपाटात बरेच दिवस पडून असणार.” मग कळव ना त्यांना, फटाकडी म्हणाली. आईने मान हलवली. एवढा मोठा माणूस, त्याला कशाला लाजवायचं? तिने कोटाच्याच आतल्या शिवणीतून दोरे ओढून काढले आणि खिडकीशी बसून दुपारभर रफू केलं, इतकं बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. केल्याचं कुणाला सांगितलंही नाही. अगदी बाबांनाही नाही.

रस्ताभर फटाकडीच्या डोक्यात तेच वाक्य जुळत होतं. माझी आई दुसऱ्याचं भोक बुजवते आणि सांगत नाही. बाईंना आवडेल की नाही कोण जाणे, चष्मेवाली मात्र हसून लोळली असती.

दुकानाच्या दारात ती थबकली. मुख्याध्यापक स्वतः आले होते. शिपायाला न पाठवता ते स्वतः येत, रांगेत उभे राहत. म्हणून तर वर्गाने त्यांच्यावर एवढी वाक्यं केली होती. राखाडी कोट काउंटरवर पसरला होता आणि त्यांचं बोट बरोबर रफूवर होतं. आवाज नेहमीसारखाच मऊ. इस्त्रीने जळलं तर जळलं, ते म्हणत होते, माणसाच्या हातून होतं. पण असं गुपचूप झाकायला नको होतं.

बाबांनी कोटाकडे बघितलंसुद्धा नाही. हात आधीच जोडले गेले होते.

“आमचंच चुकलं, सर. हिच्या हातून झालं असणार. माफ करा.”

पडद्यामागे इस्त्री थांबली.

फटाकडीने तोंड उघडलं. वादविवादात समोरच्याची बोलती बंद करणारं तेच तोंड, पण बाबांनी नुसतं डोळ्यांनी दटावलं आणि हरवलेली किल्ली कुठूनशी सापडून कुलूप पुन्हा लागलं. मुख्याध्यापक म्हणाले, भरपाई वगैरे काही नको, मी कुठे बोलणारही नाही. फक्त शाळेच्या वसतिगृहाच्या चादरी पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे द्याव्या लागतील. मुलांचं सामान आहे, विश्वासाचा प्रश्न येतो. जाताना त्यांनी फटाकडीच्या डोक्यावरून हात फिरवला. रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, किती मोठा माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही.

वसतिगृहाच्या चादरी म्हणजे दुकानाचा कणा. बाकी शर्ट-पँटींवर फार तर विजेचं बिल निघालं असतं.

दुकान बंद झालं तरी आई एकाच उशीच्या अभ्र्यावर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिली. बाबा आपणहूनच बोलत होते. मोठ्यांशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? नमतं घेतलं की निभावतं. चादरींचं काय, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा जाऊन हातापाया पडू. आपल्यासारख्याला नम्र राहूनच दिवस काढावे लागतात.

“नम्र व्हायचं तर आपली मान वाकवायची, बाबा,” फटाकडी म्हणाली. “तुम्ही आईची वाकवलीत.”

बाबांचा चेहरा उतरला. ती थांबली नाही. कसर, भोक, दोरे, खिडकीतली दुपार, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. बाबा स्टुलावर बसले. त्यांनी आईला विचारलं, भोक आधीच होतं?

“विचारलंत कुठे?” आई म्हणाली.

“आणि तू तरी सांगितलंस कुठे?” फटाकडी तिच्याकडे वळली. ज्या रफूचं तिला रस्ताभर कौतुक होतं त्याचाच आता राग येत होता. यांनी न बघता कोट घेतला, हिने न सांगता शिवला, आणि दोघांनाही वाटलं, आपण किती चांगलं वागलो.

आईने इस्त्री उभी केली. म्हणाली, जाऊ दे आता. तू त्याच शाळेत आहेस, तुला तिथेच काढायची आहेत वर्षं. हे फटाकडीला माहीत होतं. उद्या खिडकीजवळची जागा मिळेल, आणि परवा कदाचित वर्गात तिच्याकडे कुणी बघणारही नाही. मुख्याध्यापकांना खोटं पाडणारी म्हणून नाव होईल. उद्धट हा शब्द तर लहान माणसाला लगेच लागतो, त्याला कुणी ‘असूनही’ मागत नाही.

वही दप्तरातच होती. वाक्य काही तिने लिहिलं नाही. ती आई आणि बाबांच्या मधोमध जाऊन टेबलाची कड धरून उभी राहिली.

“उद्या मधल्या सुट्टीत मी सरांच्या खोलीत जाणार आहे,” ती म्हणाली. “कोट कसरीने खाल्ला होता आणि माझ्या आईने तो रफू केला, एवढंच सांगणार. आवाज चढवणार नाही, पण हातही जोडणार नाही. चादरी जायच्या असतील तर जाऊ देत, आईचं नाव मात्र मी परत आणणार. बाबा, तुम्हाला सोबत यायचं असेल तर या. फक्त तिथे ‘आमचंच चुकलं’ म्हणायचं नाही.”