दगडावरचं नाव

बायपास झाला आणि राज्य महामार्गावरच्या मैलाच्या दगडांवरून आता वाटेत न येणाऱ्या गावाचं नाव पुसायचं काम रंगाऱ्याकडे आलं. त्याची धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. जड मनाने त्याने शेवटच्या दगडावर पांढरा हात मारला, तोच तिचा फोन आला.

"दादा, दारासमोरचा रस्ता कुठे गेला रे? नुसतं गवत आहे!"

 घाईघाईने नाव पुन्हा लिहून त्याने स्कूटर पिटाळली, पण गावाकडचं वळण काही केल्या सापडेना. फोन चालू ठेवूनच त्याने हॉर्न वाजवला.

"ऐकू येतोय," बहीण रडवेली झाली, "अगदी अंगणात वाजतोय. पण तू दिसत का नाहीस?"

अंधार पडेपर्यंत तो हाका मारत गवतात फिरला. तिची ओ मात्र हाताच्या अंतरावरूनच येत होती.