कमळीचा चिंचेचा ठोकळा

माझ्या पाठीवर एक खळगा आहे. तो बरोबर मध्यावर नाही, किंचित उजवीकडे सरकलेला आहे, कारण माझी मालकीण डाव्या हाताने मासा धरते आणि उजव्या हाताने कोयता चालवते. खळग्याची कड गुळगुळीत आहे, तळ मात्र खरखरीत. तळाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा आहेत आणि त्यांत खवले अडकतात. त्यात पाणी ओतलं तर वाटीभर मावतं आणि बऱ्याच वेळाने मुरतं.

मित्रांनो, मी चिंचेच्या बुंध्यापासून केलेला, आता म्हातारा झालेला ठोकळा आहे. बेलापूरच्या खाडीकाठी दिवाळे गाव आहे. तिथल्या मासळी बाजारात कमळीच्या पाटासमोर मी बसतो. सुरमई, घोळ, रावस, जे काही कापायचं ते माझ्यावर कापलं जातं.

माझा जन्मही कापण्यातूनच झाला. रस्ता रुंद करताना आमची चिंच आडवी आली. करवतीचा आवाज मला अजून आठवतो. आधी फांद्या पडल्या, मग बुंधा. त्या बुंध्याची एक जाड चकती कमळीच्या नवऱ्याने वखारीतून उचलून आणली, खाडीच्या पाण्यात भिजत ठेवली, मग मीठ चोळून सावलीत वाळवली. तो आता नाही. त्याने मला अशा बाजूने कापून घेतलं होतं की माझे तंतू उभे राहिले. पातं आलं की ते तंतू बाजूला सरकतात आणि पाणी प्यायले की पुन्हा जवळ येतात. म्हणून इतके घाव सोसूनही मी फुटलो नाही. सगळं लाकूड असं करू शकत नाही.

पहिल्या पावसाळ्यापर्यंत मी फार घाबरत असे. घावांना नाही, बायकांच्या बोलण्याला. कमळीच्या डाव्या हाताला वेणूबाई बसते. ती मूळची साताऱ्याकडची, लिंबू, मिरची, कोथिंबीर विकते. आठवड्यातले चार वार ती पाळते आणि उरलेल्या तीन वारांत भरपाई करते. समोरच्या पाटावर जाईबाई, बोंबील आणि कोळंबीवाली. सकाळी बर्फ फुटायला लागला की या तिघींची तोंडं सुटतात.

"वेनू, तुजी कोथमीर झोपली गो. उठव तिला, नायतर तुजा गलाच कापते बग," कमळी म्हणते.

"काप की! मुंडकं न्हेऊन कालवण कर. पर लिंबू माझ्याकडनंच घ्यायचं, फुकट न्हाई मिळायचं."

"हिचे मुंडक्यान काय मिलनार?" समोरून जाईबाई. "नुसता वारा. कालवन पातल व्हईल!"

मग तिघी हसतात. कोयता माझ्यावर आदळतो, सुरमईचं डोकं उडतं, रक्त माझ्या कडेवरून खाली ओघळतं आणि त्यावर पाण्याचा तांब्या ओतला जातो. जिचं मुंडकं उडवायचं असतं तिलाच थोड्या वेळाने अर्धा चहा दिला जातो. हळूहळू मला कळलं की ही त्यांची मायेची भाषा आहे. दिवसभर कापाकापी करणारी माणसं प्रेमसुद्धा कापाकापीच्याच शब्दांत करतात.

मग कमळीची सून आली. सुनयना, माहेर करंजाडे. पहिल्या दिवशी ती नाकाला पदर लावून बसली, तेव्हा वेणूबाईने तिच्या हातात अर्धं लिंबू ठेवलं. "हुंग. आन मग बोल. बोलल्याबिगर हितला वास जात न्हाई."

सुनयना बोलू लागली आणि लवकरच तिघींच्या वरताण झाली. जाईबाईच्या बोंबलांना ती 'म्हातारे पाहुणे' म्हणायची, कारण ते हातात धरले की मान टाकतात. कमळी खोटं रागवायची, "सासूसमोर दात कारतंस? पारीन एकेक!" आणि सुनयना म्हणायची, "पारा, आई. मंग मऊ मासली तुमी काटे कारून भरवा मना."

मोठी मासळी दोघींनी मिळून कापायची असते. सुनयना शेपटीकडून मासा दाबून धरी. कमळी कोयत्याचं पातं नेमकं ठेवी आणि दुसऱ्या हातातला लाकडी दांडका त्यावर हाणी. दांडका वर गेला की सुनयनाने बोटं मागे घ्यायची. 'सोड' असं कोणी सांगत नाही, दांडका वर गेला हेच सांगणं. एकीच्या हातात पातं आणि त्याच पात्याजवळ दुसरीची बोटं, तरी दोघी एकमेकींकडे न पाहता कोणाच्या तरी हळदीबद्दल बोलत असत.

कमळीचा मुलगा प्रणय सगळ्या बाजाराचा लाडका होता. तो ऐरोलीच्या कंपन्यांच्या माणसांची ने-आण करणारी गाडी चालवी आणि पाळी संपली की येताना बायकांसाठी बर्फ आणी. दारू पीत नसे. वेणूबाई एकदा हळू आवाजात म्हणाली होती, "प्याला असता तर बरं झालं असतं. बाटलीला तरी शिव्या घालता आल्या असत्या."

कारण तो सुनयनाला मारत असे. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, फोन उचलायला उशीर झाला म्हणून, कधी ती बाजारात फार हसली असं कोणी सांगितलं म्हणून. मी ते पाहिलं नाही. मी फक्त तिचे हात पाहिले. मनगटावर आधी जांभळी, मग हिरवट, मग पिवळी होत जाणारी बोटांची खूण. एक पिवळी पडेपर्यंत दुसरी जांभळी उमटलेली असे.

सुनयना दोनदा माहेरी निघून गेली. दोन्ही वेळा कमळी करंजाड्याला गेली आणि तिला घेऊन आली. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा माझ्यासमोरच तिने सुनेला शब्द दिला. "आता हात टाकला ना, तर तुला नाय, त्याला घराभायेर काढीन. घर माजे नावावर हाय."

त्याने पुन्हा हात टाकला. कमळी म्हणाली, शिमगा होऊ दे. सणात पोराला बाहेर काढलं तर गाव काय म्हणेल? शिमगा झाला, पालखी झाली. मग होड्या ओढून घेतल्या गेल्या, पावसाळ्यापुरती मासेमारी बंद झाली आणि कमळी म्हणाली, या दिवसांत घरात खायची मारामार, आत्ता नको. मग नारळ वाहिला, होड्या पाण्यात गेल्या. आता धंद्याचे दिवस, आत्ता कसं? त्या काळात कमळीचे घाव वाकडे पडू लागले. जिथे एक पुरे तिथे ती तीन-तीन घाव घाली. जाईबाई म्हणायची, "अगो, मेलेल्या सुरमयला किती मारशील?" कमळी हसायची. सुनयनासुद्धा हसायची.

आमच्या बाजारात एक रीत आहे. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. भवानी झाली की पैसे कोयत्याला लावून कपाळाला लावायचे. आणि ती होईपर्यंत पाटावर रडायचं नाही, भांडायचं नाही, दुःखाचं बोलायचं नाही, नाहीतर दिवस वाईट जातो. भवानी झाली की गिऱ्हाइकांची रांग लागते आणि बोलायचं राहून जातं. अशा रीतीने कितीतरी गोष्टी या बाजारात कधीच बोलल्या गेल्या नाहीत.

त्या दिवशी सुनयना उशिरा आली. उजवा हात पदरात होता. जाईबाईने पाहिलं. वेणूबाईने पाहिलं आणि मिरच्या नीट लावू लागली. कमळीने पाहिलं नाही, किंवा पाहून मान फिरवली. भवानी व्हायची होती. गिऱ्हाईक समोर उभं होतं. सेक्टरातल्या इमारतींतल्या एक बाई, घरी पाहुणे येणार म्हणून त्यांना घोळीच्या जाड तुकड्या हव्या होत्या.

"म्हातारे पाहुणे नकोत ना तुम्हाला?" सुनयना म्हणाली. सगळ्या हसल्या. तिने दोन्ही हात घोळीवर ठेवले. उजव्या हाताची बोटं सुजून टम्म झाली होती आणि ती वाकत नव्हती.

कमळीने पातं ठेवलं. दांडका वर गेला. डावा हात सवयीने मागे आला. उजवा, बधिर झालेला, आला नाही.

मित्रांनो, माशाचं हाड तुटतं तेव्हा कोरडा आवाज होतो. हा आवाज ओला होता. करंगळीचं टोक नखासकट माझ्या खळग्यात पडलं. क्षणभर रक्त आलंच नाही आणि मग एकदम इतकं आलं की खळगा भरून वाहू लागला. गिऱ्हाईक बाई किंचाळून मागे सरकल्या आणि निघून गेल्या. सुनयना हाताकडे पाहत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

वेणूबाईने स्वतःच्या पदराची पट्टी फाडून करकचून बांधली. "बया, ही बोटं आधीच कशानं सुजली गं?"

"कपाटाचे दारान," सुनयना म्हणाली. "त्यानं माजा हात दारान धरला नि दार लावला. मंग परत लावला."

"मंग मासा कनाला धरलास गो?" जाईबाई ओरडली.

"भवानी व्हायची व्हती ना."

कमळीचा दांडका हातातून खाली पडला. जे मुलाने अर्धं केलं होतं, ते तिच्या हाताने पुरं केलं होतं.

म्हणून मला तुम्हाला एक सांगायचं आहे. माझ्यासारख्या लाकडाची काळजी घेणं सोपं असतं. रोज घासावं, मीठ लावावं, एका अंगावर उभं करून वारा लागू द्यावा. पण कुणाचा हात पदरात लपलेला दिसला तर आधी विचारा. गिऱ्हाईक थांबेल, न थांबलं तर दुसरं येईल. आणि घाव सोसून जो फुटत नाही त्याला घाव लागत नाहीत, असं समजू नका. तडा आधी आत जातो, वर तो फार उशिरा दिसतो. हे मी लाकूड म्हणून सांगतो, पण लाकडापुरतं सांगत नाही.

तिला दवाखान्यात न्यायला वेणूबाई रिक्षा पाहायला उठली, तेवढ्यात प्रणय बर्फाचं खोकं खांद्यावर घेऊन आला. त्याने पट्टी पाहिली, माझ्या खळग्यात पाहिलं आणि तो चक्क हसला.

"काय आई, तू पन? आता मना एकट्याला बोलू नका कोन."

एरवी त्याच्या बोलण्यावर जाईबाई हमखास हसत असे. आज कुणीच हसलं नाही. त्याचंही हसू चेहऱ्यावर राहिलं आणि शिळं झालं.

"चल घरी," तो सुनयनाला म्हणाला.

"मना दवाखान्यान जायाचा हाय."

"आधी घरी. बाजारान तमाशा केलास ना?" त्याने तिचा अंबाडा धरला आणि ओढलं. ती माझ्यावर पडली. तिचं कपाळ माझ्या कडेवर आपटलं. ती कड मी बदलू शकत नव्हतो. वेणूबाई त्याच्या दंडाला लटकली, त्याने कोपर मारलं आणि तिचा ओठ फुटला. जाईबाईने बोंबलांची अख्खी टोपली त्याच्या तोंडावर फेकली. त्याने पाट लाथेने उलटवला. मी कलंडलो आणि घरंगळत मोरीच्या कडेला जाऊन आडवा पडलो. कोयता फरशीवर घसरत कमळीच्या पायाशी थांबला.

कमळीने तो उचलला.

तिथून, आडवा पडल्या पडल्या, मला सगळं तिरपं दिसत होतं. कोयत्याच्या पात्यावर सुनेचं रक्त होतं. प्रणयने अंबाडा सोडला. या हाताचा घाव किती खोल जातो, हे बाजारात मला सगळ्यांत जास्त माहीत होतं. कमळी एक पाऊल पुढे गेली. प्रणय मागे सरकला आणि घाबरून लहान मुलासारखं म्हणाला, "आई."

ती थांबली. तिने कोयत्याकडे पाहिलं, मग वाकून तो बर्फाच्या टबात खोल खुपसला आणि हात तिथेच, बर्फात, ठेवून उभी राहिली.

"आई, घरचा मामला हाय," प्रणय जरा सावरून म्हणाला. "यांना सांग, बाजूला व्हा."

कमळीने सुनयनाकडे पाहिलं. सुनयना भिंतीला टेकून बसली होती, कपाळावरून रक्त भुवईपर्यंत आलं होतं आणि ती सासूकडेच पाहत होती. शिमगा, पावसाळा, नारळ, धंदा, यांतलं कोणतंही नाव आता घेण्यासारखं उरलं नव्हतं.

कमळीने बर्फातून रिकामा हात बाहेर काढला. मग ती बोलली, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या बाईलाही ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात.

"प्रणय, घर माजा हाय. तुजे कपरे घे नि आजच भायेर हो. सुनयना माजे घरान ऱ्हाईल. तू नाय."