फ्यूजच्या जागी मी

मी बत्ती बोलतेय. आट्यांची, काचेची, शंभर वॉटची. हसू नका. हल्लीच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या दिव्यांना पोटात तारच नसते, त्यांना काय कळणार पोटातून करंट जाणं म्हणजे काय असतं! माझी तार केसाएवढी बारीक, पण तिनं एका मुलीचा संसार वाचवलाय. बढाई म्हणून नाही सांगत. बरं, बढाई म्हणूनच सांगते. का सांगू नये?

जन्म कारखान्यातला, इतर हजारोंसारखा. डोळे उघडले ते डोंगरातल्या नारिन शहराच्या बाजारात, एका फाटक्या चादरीवर, कुलपं आणि घोड्यांचे नाल यांच्या शेजारी. माझ्या बहिणी लोकांच्या छताला लटकल्या, त्यांच्या जेवणावर उजेड पाडत बसल्या आणि एकेक करून जळून गेल्या. मला मामबेत उस्तानं, म्हणजे गावच्या मिस्त्रीनं, उचललं. गावात वीज बिघडली की सगळे त्याच्याच दारात. त्यानं मला छताला नाही लावलं, पिशवीत टाकलं.

माझं काम वेगळं. आमच्याकडच्या जुन्या घरांत मीटरखाली चिनीमातीचा फ्यूज असतो, तो आट्यांवर फिरवून बसवतात. तेच आटे माझे. फ्यूज काढायचा, तिथं मला बसवायचं आणि घरातलं सगळं बंद करायचं. मी काळी राहिले तर घर निरोगी. पेटले तर समजा, भिंतीत कुठेतरी दोन तारा एकमेकींच्या उरावर बसल्यात. फ्यूज बिचारा एकदाच सांगतो आणि मरतो. मी सांगत राहते.

त्या हिवाळ्यात उमसुनायच्या घरी सून आली. जिपार तिचं नाव. रीतीप्रमाणे तिला कोपऱ्यात पडदा बांधून आड बसवलं. पडद्याआडच्या सुनेनं बोलायचं नसतं. तिचा आवाज सासऱ्याच्या कानी पडणं म्हणजे तर नामुष्कीच. आणि तिचं तोंड बघायचं तर आधी भेट द्यायची, एखादी ओढणी नाहीतर कापड. फुकटचं सूनमुख नाही.

ती आली आणि घरात अंधार व्हायला लागला. नवा फ्यूज लावावा, चहा उकळेपर्यंत टिकावा, की फट्! शेवटी कंटाळून चुलतसासऱ्यानं फ्यूजमध्ये जाड तार कोंबली आणि हात झटकले. उमसुनायला तेवढ्यानं समाधान नव्हतं. तिनं उस्ताला बोलावणं धाडलं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. दारात गाडी सुरूच करून ठेवली होती.

"ही कुणासाठी?" उस्तानं विचारलं.

"सुनेसाठी," उमसुनाय म्हणाली. "पायगुण बघितलास ना तिचा? तुला काही सापडलं तर ठीक. नाहीतर दिवस मावळायच्या आत माहेरी पोचवते."

"पायगुणानं फ्यूज उडत असता ना उमसुनाय, तर तू या गावात आलीस तेव्हा वीज देणारं धरणच बंद पडलं असतं."

बायका तोंडावर रुमालाचं टोक घेऊन हसल्या. उमसुनाय नाही हसली. आणि मलाही हसू आलं नाही, कारण पडद्याआडून परत पाठवलेल्या मुलीला आमच्या डोंगरात दुसरं दार उघडत नाही.

उस्तानं फ्यूज हातात घेतला. "हे कुणी कोंबलं?"

"मी," चुलतसासरा छाती काढून म्हणाला. "आता नाही जाणार वीज."

"खरंय. आता घरच जाईल."

त्यानं तो फ्यूज खिशात टाकला आणि मला फिरवून बसवलं. मग ओरडला, "सगळं उपटा! किटली, टीव्ही, शेगडी. बटणं बंद करा!" धावपळ झाली. मी काळी. उस्ता माझ्याकडे बघत उभा. बाहेर गाडी घरघरत होती.

आणि मी एकदम पेटले.

"किटली कुणी लावली?"

"कुणी नाही!" आतून आवाज आला. सगळे प्लग जमिनीवर मेलेल्या उंदरांसारखे पडले होते. मी विझले. पुन्हा पेटले, थरथरले, विझले.

"आत कोण काय हलवतंय?"

"आम्ही काय हलवणार? आम्ही बसलोय!" सगळ्यांत मोठा आवाज चुलतसासूचा, गुलसुनचा. "मी तर जागची उठलेही नाही!"

खोटं. भिंतीत दोन तारा एकमेकींवर आपटल्या होत्या, मला पोटात कळलं होतं. पण कुठे, ते मला दिसत नाही. मला फक्त पेटता येतं.

उस्तानं नाक वर केलं. "हा वास... भिंतीच्या मातीत भुसा आहे ना? तो जळतोय." तो आतल्या खोलीकडे वळला, तर बायका हात पसरून उंबऱ्यात उभ्या. "पडद्याजवळ परपुरुष नाही!"

"अगं, आग लागेल!"

"सापडलं नाही म्हणून आगीची भीती घालतोय," उमसुनाय म्हणाली. "बसवा तिला गाडीत."

तेव्हा पडद्याआडून आवाज आला. बारीक, पण न अडखळता.

"धाकट्या सासूबाईंनी पडदा ओढला."

सासऱ्यानं मान भिंतीकडे फिरवली.

"जी येते ती ओढून डोकावते," जिपार म्हणाली. "ओढला की वर खिळ्यात चरचरतं आणि दिवे जातात. भिंत गरम लागतेय पाठीला."

"अगं बाई, जीभ आहे की हिला!" गुलसुन किंचाळली.

"म्हणजे फुकट बघत होतीस होय गं?" कुणीतरी विचारलं.

"ओढणी घरी विसरले होते!"

"दरवेळी?"

पण जिपार बोलता बोलता उठली होती, आणि तिच्या धक्क्यानं पडदा ताणला गेला. मी लख्ख पेटले. उस्ता गरजला, "पोरी, आहेस तिथं थांब! खिळ्याला हात लावू नकोस. कानातलं, वेणीतली चांदी, काही भिंतीला टेकू देऊ नकोस!" आणि धावत येऊन त्यानं मला आट्यांतून फिरवलं. माझी काच चांगलीच तापली होती. त्याचा तळवा भाजला, तरी त्यानं मला टाकलं नाही. शेजारचा, दुसऱ्या तारेचा फ्यूजही त्यानं काढला.

"आता घरात वीज नाही. खिळा कोण उपसतंय?"

सगळ्या मागे सरकल्या. उस्तानं पक्कड जमिनीवरून पडद्याखाली सरकवली. "मग तूच उपस, पोरी. मुठीचं रबर धर."

खिळा कुरकुरला, सुटला. त्याच्याबरोबर दोरी सुटली आणि अख्खा पडदा खाली आला.

उस्ताच्या मुठीतून मी बघितलं. जिपार उभी होती, कानापर्यंत लाल, हातात पक्कड, पकडीत काळा पडलेला खिळा. मागच्या भोकातून धूर येत होता. तिनं जवळचा चहाचा वाडगा उचलला आणि भोकात ओतला. छुस्स झालं.

पडद्याचा तो खिळा उमसुनायनं स्वतःच्या हातानं ठोकला होता, चांगली वेळ बघून, नेमका भिंतीतल्या तारांमधून. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला आणि सुनेच्या डोक्यावर घातला. बायकांकडे वळून म्हणाली, "काय बघत बसलात? फुकट बघितलंत सगळ्यांनी. काढा ओढण्या! गुलसुन, तू दोन दे."

आणि खिडकीतून ओरडली, "बंद कर रे ती गाडी!"

मामबेत उस्ता आता नाही. जाण्याआधी त्यानं मला जिपारच्या हाती दिलं. ती माझ्याशी बोलत नाही, पण माझ्यावर डाग पडू देत नाही, आणि शेजारपाजारचे फ्यूज उडाले की मला घेऊन निघते. उमसुनाय म्हातारी झालीय. सून भिंतीला कान लावून बसली की ती बाकीच्यांना गप्प करते.

लोकांनो, माझं एक ऐका. उजेड गेला की घरात कोण आलं ते विचारू नका, काय हललं ते विचारा. आणि तुम्हीच हलवलं असेल तर लाज गिळून सांगा. तुमच्या लाजेपायी मी किती वेळा पेटायचं?

माझी तार सैल झालीय, हलवलं की किणकिणते. अशाच एखाद्या घरी शेवटची पेटेन आणि विझेन. त्याचं मला काही नाही. फक्त त्या वेळी त्या खोलीत तोंड उघडणारी एक तरी असू दे.