‘थांबतो’ की ‘थांबते’

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. भोरमधल्या एका गोदामात, खताच्या रिकाम्या पोत्यांखाली पडून आहे. माझा पडदा कधीच काळा पडला, पण एक काळजी मला अजून सोडत नाही. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

पुण्यातल्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. मोहसीन नावाच्या तरुणाने मला गोधडीत गुंडाळून टेम्पोने भोरला आणले आणि गल्लीतल्या गाळ्यात इंटरनेटचे दुकान थाटले. दोन हजार साल नुकतेच उलटले होते. घरोघरी संगणक नव्हते. मोहसीन बाहेरची कामे पाही आणि दुकानात त्याची बायको फौजिया बसे. बारावीच्या निकालाला माझ्यापुढे झुंबड उडायची. एका म्हाताऱ्या बाबांनी तर नातू पास झाला म्हणून मला हळदकुंकू वाहिले होते. फौजियाने ते ओल्या फडक्याने हळूच पुसले, माझ्या फटींत जाऊ नये म्हणून.

पुढे मुले माझ्यावर गप्पा मारायला येऊ लागली. दूरच्या माणसाशी लिहून बोलायचे. भाषा मराठी, अक्षरे इंग्रजी. घाईघाईत ती अर्धी अक्षरे गिळून टाकत. ‘येते’ लिहायला कंटाळा, म्हणून नुसते वाय आणि टी. मग तो येतो आहे की ती येते आहे, कुणी समजावे? पूर्णविराम तर कुणाच्या गावीही नसे.

अश्विनी मात्र सगळे पूर्ण लिही. ती हिर्डोशीची. गावाकडून एस.टी. कमी, म्हणून भोरला कुंडलिकमामांच्या घरी राहून कॉलेज करत होती. मैत्रिणी हसत.

“गप्पा मारतीस का पेपर लिहितीस गं?”

“मला अर्धं लिवलेलं कळतच न्हाई,” ती म्हणे.

गप्पांमध्ये तिला पुण्याची स्नेहा भेटली. स्नेहाने सांगितले, की ती एका मोठ्या ऑफिसात आहे, तिथे मुलींची भरती चालू आहे, राहायची सोयही होईल. ‘घरी आत्ताच बोलू नको, आधी नोकरी पक्की होऊ दे,’ असेही तिने लिहिले. अश्विनीला पुण्यात राहून पुढे शिकायचे होते. ती हरखून गेली. मला मात्र धास्ती वाटू लागली. स्नेहाच्या लिहिण्याला शेपूटच नसे. प्रत्येक क्रियापद अर्ध्यात तोडलेले. त्या तुटक्या शब्दांआड कोण बसले आहे, ते मलाही दिसत नव्हते.

एका दुपारी जायचे ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मूळ गुणपत्रिका घेऊन. अश्विनीने लिहिले, ‘कुठे भेटायचे ते पूर्ण आणि नीट लिही. चुकामूक नको.’

मग माझ्या पडद्यावर अख्खे वाक्य उमटले : ‘स्वारगेटला ये. मी चौकशीच्या खिडकीपाशी थांबतो.’

अश्विनीने ते वाक्य पुन्हा वाचले. मग मागे वळून म्हणाली, “भाभी, जरा हितं या.”

फौजिया येऊन वाकली. “काय झालं?”

“ही ‘थांबतो’ म्हणती.”

“अगं, आपल्याकडं कितीक बाया ‘जातो, येतो’ म्हणत्यात. न्हाईतर चुकून पडलं असंल अक्षर.”

“ही पुण्यात वाढलेली हाय म्हणती. भाभी, मला भ्या वाटतंय.”

फौजियाने खुर्ची ओढली. “मग दुसरं काहीतरी विचार. साधंच. आन् पूर्ण लिवायला सांग.”

अश्विनीने विचारले, ‘काल दिसली नाहीस. काय करत होतीस? पूर्ण लिही गं, मला तुटक कळत नाही.’

उत्तर आले : ‘घरीच झोपलो होतो.’

फौजियाने हात लांब करून ते सगळे बोलणे साठवून ठेवले आणि पडद्यावरची गप्पांची खिडकी बंद केली.

“मामांना सांगायला पायजे,” ती म्हणाली.

“सांगितलं तर माझं कॉलेज बंद व्हईल.”

“मी येते संगं. मी बोलते.”

मामांनी सगळे ऐकून घेतले. अश्विनीचे कॉलेज बंद झाले नाही. पहाटे टेम्पो घेऊन मामा आणि मोहसीन स्वारगेटला गेले. इकडे दोघी माझ्यासमोर बसून राहिल्या. बाहेर टेम्पो वाजला की फौजिया उठे आणि पुन्हा येऊन बसे. अश्विनीने पुढ्यातल्या चहाला हातही लावला नाही.

दुपारी दोघे परतले. त्यांच्यासोबत एक मुलगी होती. कागदांची पिशवी तिने छातीशी घट्ट धरली होती. मोहसीन म्हणाला, “चौकशीच्या खिडकीपाशी ही उभी व्हती. स्नेहाची वाट बघत. दुसरं कुणी पुढं आलं न्हाई.” ती विंझर गावची होती. एकटीने घरी जायला घाबरत होती, म्हणून आधी इथे आणली.

अश्विनीने साठवलेले ते वाक्य माझ्या पडद्यावर उघडून तिला दाखवले. ती ते वाचत राहिली. मग हळूच म्हणाली, “मलाबी असंच आलं व्हतं. ‘थांबतो’च व्हतं. म्या वाचलं, पण ध्यानातच आलं न्हाई.”

फौजियाने तिला पाणी दिले. संध्याकाळी सगळेच तिला विंझरला सोडायला गेले.

पोलिसांना सगळे सांगून झाले, पण तो माणूस कोण होता ते कळले नाही. पुढे मोबाईल आले, दुकान ओस पडले, आणि मी या पोत्यांखाली आलो. इथे माझी धूळही कुणी झटकत नाही. त्याचे मला दुःख नाही. मला काळजी आहे ती त्या माणसाची. तो अजूनही कुठेतरी बसून कुणाला तरी लिहीत असेल.

म्हणून मित्रांनो, लिहाल ते पूर्ण आणि शुद्ध लिहा, म्हणजे तुटके समोर आले की तुम्हाला ते खटकेल. आणि अनोळखी माणसाने बोलावले, तर त्याच्या शब्दाचे शेवटचे अक्षर वाचल्याशिवाय आणि घरच्यांना सांगितल्याशिवाय उंबरठा ओलांडू नका.