माझी वायर जोडली त्या दिवशी

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. वापरून जुना झालो असे मात्र समजू नका; मी ठेवून ठेवून जुना झालो. मला डोळे नाहीत. म्हणून जे ऐकले तेवढेच सांगतो.

कारखान्यात माझ्यात एक शिट्टी वाजवून पाहिली आणि ‘ओके’ म्हणून मला खोक्यात घातले. एवढे कौतुक पुढे बरीच वर्षे वाट्याला आले नाही. लातूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात ‘दिव्यांग कक्ष’ निघाला, तेव्हा मला आणले. नारळ फुटला. त्या दिवशी माझ्यापेक्षा नारळच जास्त कामाला आला. मग मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावले.

पाहुणे आले की मी बाहेर निघे. पाहुणे मला कानाला लावत, हसत, फोटो निघे. वायर मात्र कधीच जोडत नसत. ग्रंथपाल अमरनाथ सर शिपायाला सांगत, “वायर काढ रे, फोटोत लोंबकळून राहिलीय.” अशा रीतीने मी कितीतरी मान्यवरांना काहीही ऐकवले नाही, आणि सगळे म्हणाले, “फार छान!”

मग एक दिवस रेणापूरची ऋतुजा आली. एम.ए.ला, विषय अर्थशास्त्र. तिला जन्मापासून दिसत नाही.

“सर, कपाटाची किल्ली द्या.”

“अगं माय, ते तपासणीला येणाऱ्या समितीसाठी हाय.”

“मग मी कुणासाठी हाय?”

सरांनी किल्ली दिली. आणि मित्रांनो, माझी वायर संगणकाला जोडली! पडद्यावरचे वाचून दाखवणारा आवाज माझ्यातून असा सळसळत गेला की माझ्या फोमला झिणझिण्या आल्या. यासाठीच तर मी जन्मलो होतो!

ऋतुजाला दोनच दिवसांनी नांदेडच्या चर्चासत्रात निबंध वाचायचा होता. विषय होता लातूरच्या डाळ मिलमधल्या बायांची मजुरी. तिची आई केवळाबाई त्याच मिलमध्ये डाळ निवडते. त्या बायांवर कोणीतरी आधीच अभ्यास केला होता. तो लेख कॉलेजने घेतलेल्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये होता. त्यात काय लिहिलेय हे कळल्याशिवाय तिचा निबंध अर्धाच राहणार होता.

डेटाबेसने आधी तिला ती माणूस असल्याचे सिद्ध करायला सांगितले. कसे, तर चित्रांतल्या बसगाड्या निवडून.

“आत्ता रेणापूरच्या बसमधून उतरून आले,” ऋतुजा म्हणाली, “आणखी कोणती बस दावू?”

सरांनी बसगाड्या निवडून दिल्या. पुढे मी वाचू लागलो: “बटण. बटण. बटण.” कोणत्याच बटणाला नाव नव्हते. कसाबसा लेख उघडला. मी दम धरून वाचले: “चित्र. पुढचे पान. चित्र.” कोणीतरी छापील पानांचे नुसते फोटो चढवले होते. माझा घसा अगदी साफ होता, मित्रांनो, पण फोटो कसा वाचणार?

“मी वाचून दावतो की,” सर म्हणाले.

“मागच्या खेपेला दुसऱ्याच पानाला घोरायला लागलात, सर.”

दुसऱ्या दिवशी नेमकी समिती आली. अहवालात सरांनी ‘सर्व सुविधा उपलब्ध’ असे लिहिले होते. समितीच्या मॅडमनी फोटोसाठी मला उचलले. पण आदल्या दिवसापासून वायर जोडलेली होती, आणि ऋतुजाने हळूच एक कळ दाबली. मी जीव तोडून ओरडलो: “बटण! बटण! चित्र!”

मॅडम दचकल्या. “अहो, हे काय ऐकू येतंय?”

“मॅडम,” ऋतुजा म्हणाली, “तो लेख हाय.”

मग अमरनाथ सरांनी सगळ्यांसमोर स्पीकर लावून डेटाबेसच्या कंपनीला फोन केला.

“आमचं सगळंच सोयीस्कर आहे, सर,” कंपनीचा माणूस म्हणाला. “मजकुराची वेगळी आवृत्ती आहे ना. वरचं निळं बटण दाबा.”

ऋतुजाने विचारले, “भाऊ, निळा रंग बोलतो का?”

सरांनी माउस धरून ते निळे बटण दाबले, आणि मी सुरू झालो! शीर्षक, पहिला परिच्छेद, दुसरा! डाळ निवडणाऱ्या बाया, त्यांची मजुरी, सगळे सगळे माझ्यातून वाहू लागले. ऋतुजा मध्येच ओरडली, “चूक हाय सर! ह्यांनी लिवलंय बाया दुपारी आराम करतात. माझी माय दुपारी धूळ झाडून राहते!” नांदेडला काय मांडायचे ते तिला तिथेच सापडले.

जाताना मॅडम म्हणाल्या, “फोटो राहू द्या.” माझ्या आयुष्यात असे पहिल्यांदाच घडले.

नांदेडला तिचा निबंध गाजला, असे सर ज्याला-त्याला सांगताना ऐकतो. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. बटणांना नावे द्या म्हणून कंपनीला रोज फोन करत राहिले. परवा ऋतुजाने त्यांना खुर्चीत बसवले, पडदा बंद केला, माउस काढून घेतला आणि मला त्यांच्या कानांवर चढवले. “आता उघडा लेख.” सर चाचपडले, घाम पुसला. तेवढ्यात मी म्हणालो, “मजकूर वाचा, बटण.”

“बोललं की गं!” सर लहान पोरासारखे ओरडले. ग्रंथालयात शांतता पाळा, असे त्यांना सांगायला कोणीच नव्हते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी असे संकेतस्थळ तयार केले, तर एकदा डोळे मिटून ते उघडून पाहा. आणि माझ्यासारखा कोणी कपाटात दिसला, तर फोटो नंतर काढा. आधी वायर जोडा.