दोऱ्याचं टोक

धाकटीचं कौतुक झालं की थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि त्या दुखण्यावर औषध नव्हतं. दोघी जावा सासूबरोबर पुढच्या खोलीत बसून कारखान्यातून आलेल्या शर्टांना बटणं लावायच्या. हात थोरलीचा सफाईदार, पण सासूच्या तोंडी नाव सदानकदा धाकटीचं.

रमजान सरून बरेच दिवस झाले होते. त्यात सुटलेले रोजे दोघी आपापल्या सवडीनं भरून काढत होत्या. त्या सकाळी धाकटीनं दोरा ओवायला घेतला आणि टोक नेहमीसारखं तोंडात न घालता वाटीतल्या पाण्यात बुडवलं. सासूनं ते बरोबर टिपलं. रोजा आहे का, असं विचारल्यावर धाकटीनं नुसती मान हलवली. झालं! कशी गुणाची पोर, ना बोभाटा ना काही, हे सासूनं दारात आलेल्या शेजारणीलाही ऐकवलं.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. उठायला उशीर झाल्यामुळे तिच्या पोटात अजून पाण्याचा थेंबही गेला नव्हता, आणि तिचाही एक रोजा राहिलाच होता.

"मलाही आहे की रोजा," ती म्हणाली, आणि वाटी स्वतःकडे ओढली.

मग दिवसभर ती दोरा असा बुडवत होती की खोलीभर दिसावं. दोन-चार कॉलरींवर पाण्याचे डाग पडले. दुपारी डोकं ठणकायला लागलं. धाकटीनं एकदा तरी सुस्कारा टाकावा, निदान घड्याळाकडे बघावं, म्हणून थोरली डोळ्यांत तेल घालून बसली होती. पण ती बया शांतपणे बटणं लावत राहिली.

सूर्य मावळल्यावर खजूर खाऊन दोघींनी रोजा सोडला. चला, राहिलेला एक फिटला, असं थोरली जरा मोठ्यानंच म्हणाली. धाकटीनं मान खाली घातली.

"राहिलेल्या रोज्याची नियत पहाट व्हायच्या आत मनाशी करावी लागते, पोरी," सासू म्हणाली. "तू कधी केलीस?"

थोरलीनं सांगितलं, सकाळी, दोरा ओवताना.

"मग हा वरकड झाला, नफल. राहिलेला राहिलाच. आणि नियत कोणासाठी केलीस, ते तुझं तुला ठाऊक."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. धाकटीला हे सकाळीच ठाऊक होतं आणि ती गप्प बसली, याचा तर फारच राग आला. पण अंथरुणावर पडल्यावर तिनं स्वतःशी कबूल केलं, की दिवसभर उपाशीपोटी तिनं आठवण काढली ती फक्त जावेची. अल्लाहची एकदाही नाही. तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती पहाट व्हायच्या आत उठली, शिळं काहीतरी खाल्लं, पाणी प्यायली आणि मनातल्या मनात नियत केली. या खेपेस कोणाला कळू द्यायचं नाही, असंही ठरवलं.

कामाला बसल्यावर पंचाईत झाली. वाटी घ्यावी तर सासूला कळणार. म्हणून ती दोरा ओठांपाशी नेई, जिभेला न लावता परत आणी, आणि कोरडं विस्कटलेलं टोक काही केल्या नेढ्यात जाईना. एकदा, दोनदा, पाचदा. सासू हसून म्हणाली, कालच्या एका रोज्यानं हिची नजर गेली वाटतं. थोरलीच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ती मूग गिळून बसली.

धाकटीचे रोजे काल पुरे झाले होते. तिनं हात पुढे केला, थोरलीच्या हातातली सुई घेतली, दोऱ्याचं टोक स्वतःच्या तोंडात ओलं केलं, ओवलं आणि सुई परत दिली. हेही हिलाच कळावं, असं थोरलीला झालं.

"बघ," सासू थोरलीला म्हणाली, "किती करते तुझं. शिक जरा तिच्याकडून."

थोरलीला आतून भडभडून आलं, रागानं की कशानं, तिलाच कळेना. "हो, अम्मी," ती म्हणाली, आणि पुढचा शर्ट ओढला.